पांढऱ्या दोऱ्याचा जोड

खऱ्या नात्यानं मामा एकट्या मालकाचे होते. पण ट्रकांच्या त्या आवारात ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाला, पाण्याचा टँकर घेऊन येणारा, झाडून सगळे त्यांना मामाच म्हणत. वजनकाट्यावरचा माणूस वयानं त्यांच्याहून मोठा होता, तोही "मामा, जरा येता का" म्हणून हाक मारी. मामांना ते आवडायचं. आवडतं असं मात्र ते कबूल करत नसत. कबूल करण्याची सवयच त्यांना नव्हती.

काम वायरिंगचं. ट्रकच्या केबिनमध्ये पाय सीटवर आणि डोकं पेडलांपाशी, अशा उलट्या अवस्थेत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे मान कायमची एका बाजूला कलली होती. नव्या माणसाला वाटे, हे आपल्याकडे संशयानं बघताहेत. जुन्या माणसांना माहीत होतं की ते खरंच संशयानं बघताहेत.

पूर्वी त्यांचं स्वतःचं दुकान होतं, चौकाच्या कडेला, एका ट्रकचं तोंड आत जाईल एवढं. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान रस्त्यात गेलं. बायको त्याच्या आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, दाजींनी, हाताला धरून त्यांना आपल्याकडे आणलं. दाजींचे तेव्हा थोडेच ट्रक होते आणि आवाराच्या मागेच घर होतं. घराच्या वरच्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाची खोली मामांना राहायला मिळाली, आणि आवारात पत्र्याची एक खोली कामाला. त्या कामाच्या खोलीत वायरींची भेंडोळी रंगांप्रमाणे खिळ्यांना टांगलेली असत. लाल भेंडोळ्याच्या खिळ्यावर कोणी चुकून पिवळं लावलं तर मामा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

दाजींना ट्रक चालवता येत होता, टायर बदलता येत होता, गिऱ्हाइकाला गोड बोलून गप्प करता येत होतं, पण वायरिंग म्हणजे त्यांना शेवयांचं भांडं वाटे. सुरुवातीलाच त्यांनी मामांना विचारलं होतं, "तुझं काम कुठलं आणि रस्त्यावरच्या कुठल्या माणसानं केलेलं कुठलं, हे मला कसं कळावं?"

मामा घरात गेले, बहिणीच्या शिलाई मशीनवरचं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले. त्या दिवशी केलेल्या जोडावर टेप होतीच. तिच्यावर त्यांनी दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि गाठ मारली. म्हणाले, हा दोरा दिसला की समजायचं, इथं आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दाजींना ही युक्ती फारच पसंत पडली. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून बजावलं की पांढरा दोरा म्हणजे शेवटचा शब्द, त्याला कोणी हात लावायचा नाही. तेव्हापासून मामांचा प्रत्येक जोड दोऱ्याचा. आधी तांब्याच्या तारा एकमेकींत विणायच्या, मग त्यावर सोल्डरचा डाग द्यायचा, मग टेप, मग दोरा. एक जोड करायला दुसऱ्या कोणाला लागेल त्याच्या दुप्पट वेळ. पण मामांचा जोड सुटला असं कधी कोणी ऐकलं नाही.

आणि दोरा नसलेला जोड दिसला तर? तर मामांच्या खिशातलं कटर बाहेर येई. विचारणं नाही, सांगणं नाही, कच्. ड्रायव्हरांनी हौसेनं लावलेलं गाण्यांचं यंत्र असो, पंखा असो, फोन चार्ज करायची सोय असो, चाकांवरचे रंगीत दिवे असोत, मामांना न विचारता लावलेली वायर कापली जाई. विचारून लावायची म्हटलं तर मामा नाही म्हणत. ऐन उन्हाळ्यात त्यांनी एकाचा पंखा कापला होता. तो बिचारा लांबचा पल्ला भट्टीत बसल्यासारखा गाडी हाकत गेला आणि आला, पण मामांसमोर तोंडातून ब्र काढला नाही. मामांनी तरुणपणी अशाच एका उपऱ्या वायरीमुळे केबिन जळताना पाहिली होती. ते चुकीचं बोलत नव्हते. फक्त कसं बोलावं हे त्यांना कधी जमलं नाही.

दाजी गेले आणि कारभार भाच्याकडे आला. आवारात तो छोटे मालक, मामांसाठी बाबू. लहानपणी मामांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवणारा बाबू आता नवे ट्रक घेत होता, ज्यांच्या डॅशबोर्डवर काटे नव्हते, पडदे होते. त्या ट्रकांना काही झालं की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येई आणि मामांना बाजूला व्हा म्हणे, तेही अगदी नम्रपणे. मामांकडे उरले जुने ट्रक, आणि जुन्यांतली सगळ्यांत जुनी थोरली.

थोरली हा दाजींचा पहिला ट्रक. घरात मोठ्या जावेला असतो तसा तिचा मान होता, आणि मोठ्या जावेसारखीच ती कुरकुरायची. तिची वायरिंग मामांनी इतक्या वेळा केली होती की तिच्यात कंपनीची वायर किती आणि मामांची किती हे सांगणं कठीण. तिच्यावरच्या ड्रायव्हरला सगळे एक्सप्रेस म्हणत, कारण तो कुठंही वेळेवर पोचत नसे.

गेले काही महिने बाबूच्या डोक्यात घोळत होतं की इलेक्ट्रिकचं काम बाहेर द्यावं. हमरस्त्यावर एक वायरमन होता, हाक मारली की स्कूटरवर येई, काम करून जाई. मामांची पत्र्याची खोली रिकामी झाली तर टायर ठेवायला होईल. हे मामांना बाबूनं सांगितलं नव्हतं, त्याच्या आईनं, ताईनं सांगितलं. जेवण वाढताना, वाटी पुढं सरकवत म्हणाली, "त्याच्या मनात आहे तसं. तू जरा चांगलं काम करून दाखव. म्हणजे तो गप्प बसेल."

साठीला आलेल्या माणसानं चांगलं काम करून दाखवायचं! मामांनी पाण्याच्या घोटाबरोबर घास गिळला.

दाखवायची वेळ लगेचच आली. बाबूनं एका औषधांच्या कंपनीचं मोठं काम मिळवलं होतं. त्यांचा माणूस दुपारी ट्रक तपासायला येणार होता. नवे ट्रक बाहेरगावी, आवारात उभी फक्त थोरली. आणि सकाळी एक्सप्रेसनं येऊन सांगितलं की तिच्या डॅशबोर्डवरचे दिवे लागत नाहीत. काटे चालतात, पण अंधारात वेग दिसत नाही, हवेचा दाब दिसत नाही, काहीच दिसत नाही. शेवटचा टप्पा तो अंदाजानं चालवत आला होता.

बाबूनं मामांना बोलावून विचारलं, दुपारपर्यंत होईल का, का बाहेरच्याला बोलावू? आसपास चार माणसं होती. मामांनी मान आणखी कलती केली.

"चहा येईपर्यंत होईल," ते म्हणाले.

खरं म्हणजे व्हायलाच हवं होतं. डॅशबोर्डचे दिवे बंद पडणं हे जुन्या ट्रकचं सर्दी-पडसं. आधी फ्यूज बघायचा. मामांनी पाहिला, चांगला होता. एका बल्बला दोन वायरी जोडून त्यांनी स्वतःच बनवलेला टेस्टर होता, तो फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लावला, दोन्हीकडे पेटला. पार्किंगचे दिवे लावून मागं जाऊन आले, मागचे दिवे लख्ख. म्हणजे स्विच चांगला. मग दिवे मंद-प्रखर करायचं बटण. हे बटण जुन्या गाड्यांत हटकून खराब होतं, आत मळ साचतो, आणि कधी कधी तर ड्रायव्हरचाच हात लागून ते पार मंद करून ठेवलेलं असतं. मामांनी ते फिरवलं, साफ केलं, त्याच्या पुढच्या टोकाला टेस्टर लावला, पेटला. मीटरमागचे दोन बल्ब काढून थेट बॅटरीला लावले, ते पेटले. मीटरची अर्थिंगची वायर पाहिली, घट्ट होती. मग मीटरच्या मागं, जिथं वायर येऊन मिळते तिथं टेस्टर लावला.

अंधार.

म्हणजे वीज बटणातून निघते आणि मीटरपर्यंत पोचत नाही. मधे फक्त वायर, हातभर लांब, इतर वायरींबरोबर काळ्या नळीत घुसलेली. तिच्यावर, नळीत शिरण्याआधी, एक जोड होता. त्यावर टेप, टेपवर पांढरा दोरा.

मामांनी तो जोड बोटांनी बाजूला केला आणि पुढं गेले.

इथं सांगायला हवं की दुसरा कोणी असता तर त्यानं जोडाच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा टेस्टर टेकवला असता. शिकाऊ माणूससुद्धा हेच करतो. मामांनीही जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जोडाशी हेच केलं असतं. पण दोरा दिसला की तिथं बघण्यासारखं काही नसतं, हे त्यांनीच ठरवलेलं होतं, आणि इतकी वर्षं ते खरं ठरलं होतं. मग तुटली असेल तर ती वायर नळीच्या आत, पत्र्याला घासून. त्यांनी नळी चिरायला घेतली.

चहा आला, गार झाला, साय धरली.

एक्सप्रेस खाली उभा राहून सल्ले देत होता. त्याचं म्हणणं सोपं होतं: बटणापासून मीटरपर्यंत नवी वायर टाका, जुनी असेना का आत पडलेली. मामांनी त्याला असं सुनावलं की बाजूचा टायरवालाही हसायचा थांबला. जुनी वायर कुठं तुटलीय हे कळल्याशिवाय तिला आत सोडून देणं म्हणजे घरात साप शिरलेला पाहून दार लावून झोपणं. आज ती मेलेली आहे, उद्या तुटलेलं टोक पत्र्याला लागलं तर? नाही, मामा असलं काम करत नसत. हे तत्त्व चांगलंच होतं. त्या दिवशी त्याच तत्त्वानं त्यांचा गळा धरला.

ऊन चढलं. डॅशबोर्डचा पुढचा भाग काढून सीटवर ठेवला गेला, मग हवेच्या दाबाचा काटा निघाला, मग खालचा कप्पा. वायरींचा सगळा जुडगा पोट फाडल्यासारखा बाहेर आला. मामा एकेक वायर बोटांच्या चिमटीतून ओढून बघत होते, कुठं मऊ लागते का, कुठं आतली तार तुटल्यासारखी लागते का. घामानं चष्मा घसरत होता. बाबू दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्यानं विचारलं, दुसऱ्यांदा विचारलंही नाही, नुसता बघून ऑफिसात गेला आणि फोन लावला.

स्कूटर आली तेव्हा मामा पेडलांपाशी डोकं घालून पडलेले होते. हमरस्त्यावरचा वायरमन चाळिशीचा, पोट सुटलेला, कंटाळलेला माणूस. त्याला ना मामांशी वैर ना मामांविषयी आदर. त्यानं मामांना उठायलाही सांगितलं नाही, दुसऱ्या दारानं आत वाकला आणि विचारलं, इथपर्यंत वीज येते का? मामांनी हो म्हटलं. मीटरला येत नाही? नाही. त्यानं दोरा बांधलेला जोड हातात घेतला, अलीकडे टेस्टर टेकवला, पेटला. पलीकडे टेकवला, नाही पेटला. मग त्यानं जोड नुसता ओढला, आणि मोळीतून काटकी निघावी तशी वायर त्याच्या हातात आली.

"जोड सुटलाय," त्यानं जाहीर केलं. दुसरं कोणी असतं तर त्यानं आणखी काही बोलून घेतलं असतं. हा तर सुटलेली टोकं पिळून, टेप गुंडाळून मोकळा झाला. डॅशबोर्डवर पिवळा उजेड पडला.

आता केबिनच्या दाराशी बरीच माणसं जमली होती. टायरवाल्यानं खाली पडलेला दोरा उचलून बघितला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हळूच म्हणाला, पण हळू बोललेलं तिथं सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मामा, जोड तुमचाच निघाला की," तो म्हणाला आणि एक्सप्रेसला डॅशबोर्ड लवकर बसवायला सांगून वळला. कंपनीचा माणूस आला, थोरलीभोवती फिरला, दिवे लावून बघितले, ठीक आहे म्हणाला. काम मिळालं. त्या आनंदात मामांना कोणी रागावलंही नाही. त्यांची आठवणच कोणाला झाली नाही.

मामा पत्र्याच्या खोलीत बसले होते. टेबलावर त्या जोडाची टेप आणि दोरा होता. इतकी वर्षं सुटला नाही आणि आजच कसा सुटला, याचा त्यांना उलगडा होत नव्हता. म्हातारा झालो, हे उत्तर त्यांनी स्वतःला दोन-तीनदा देऊन पाहिलं. मग सवयीनं त्यांनी टेपची आतली बाजू उलगडली. सोल्डर आत राहिलं असेल तर टेपला त्याचा ठसा, करपलेला डाग असतोच. टेप कोरी होती. आणि तिला चिकटलेले वायरींच्या आवरणाचे बारीक तुकडे तीन रंगांचे होते. नुसत्या दोनच वायरी एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, कोणीतरी मधेच तिसरी घुसवली होती. त्यांनी दोऱ्याची गाठ चष्म्याजवळ नेली. पोत्याला मारतात तशी गाठ.

हा जोड त्यांचा नव्हताच.

इतका हलकेपणा त्यांना कित्येक दिवसांत वाटला नव्हता. ते तसेच उठले आणि टाकीवर हात धुणाऱ्या एक्सप्रेसला गाठलं. दोरा समोर धरून विचारलं, हा कोणी बांधला?

एक्सप्रेसनं आधी इकडेतिकडे बघितलं, मग हसू दाबायचा प्रयत्न केला, ते जमेना. "मामा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अहो, सगळेच बांधतात."

मग त्यानं सगळं सांगितलं, मित्राला गंमत सांगावी तसं. दाजी होते तेव्हापासूनचं हे. कोणाला तरी पहिल्यांदा कळलं की दोरा असला की मामा त्या जोडाकडे बघतही नाहीत. मग पंखा लावायचा, चार्जर लावायचा, गाण्यांचं यंत्र लावायचं, आणि जोडावर पांढरा दोरा बांधून टाकायचा; आवारात शिरताना वरचं यंत्र काढून सीटखाली सरकवायचं. नवीन ड्रायव्हर आला की त्याला पहिल्या दिवशी डिझेल कुठं भरायचं आणि दोरा कसा बांधायचा, दोन्ही शिकवलं जाई. थोरलीतला तो पडदा, मागचा कॅमेरा दाखवणारा, मामा तापानं आजारी होते तेव्हा बसवला होता. त्याचीच वायर त्या जोडातून घेतलेली. मामा बरे होऊन आल्यावर वाकून बघून गेले होते आणि काही बोलले नव्हते, तेव्हा सगळ्यांना किती हसू आलं होतं.

"मामाला मामा बनवलं म्हणायचे सगळे," एक्सप्रेस म्हणाला. मग मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "तुमच्याविषयी वाईट कोणाच्या मनात नव्हतं. तुमचा मान राखूनच करायचे."

मामा तिथून निघाले ते नुकत्याच परतलेल्या दुसऱ्या जुन्या ट्रकात शिरले. पहिला दोरा कापला, टेप सोडली, आत सोल्डर. त्यांचा. दुसरा कापला, पिळलेल्या तारा. तिसरा, पिळलेल्या तारा. चौथा त्यांचा. बाहेरून बघून कुठला कुठला हे एकाही ठिकाणी सांगता आलं नाही. दोरा तोच, टेप तीच, काहींच्या गाठीही आता त्यांच्यासारख्याच होत्या. माणसं शिकतात. त्यांनी पुढच्या दोऱ्याला कटर लावलं, मग मिटून खिशात घातलं.

घरी ताई व्हरांड्यात मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. बाबू बाजूच्या खुर्चीत बसून बूट काढत होता, चांगल्या मनःस्थितीत होता. मामांनी दोरा मशीनच्या पाटावर ठेवला. बाबूनं तो बघितला आणि लपवलं काही नाही.

"मीच सांगितलं होतं बांधायला," तो म्हणाला. "नाही बांधला असता तर तुम्ही कापली असती वायर."

"मला विचारलं असतंस तर मी नीट जोडून दिली असती."

"मामा," बाबू बुटाची नाडी सोडत म्हणाला, "तुम्हाला विचारून आजवर कोणाला काही मिळालंय का?"

मामांना उत्तर द्यायचं होतं. पण पंखेवाला आठवला, गाण्यांचं यंत्र लावणारा आठवला, आणि ज्याला हो म्हटलं असा एकही माणूस आठवेना. तेव्हा ते दुसरंच बोलले. त्यांनी विचारलं की सगळ्यांचा दोरा एकसारखा कसा, कुठून आणता?

बाबूनं दुसऱ्या बुटाला हात घातला. मशीन थांबलं.

"माझ्याच रिळाचा आहे," ताई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"मागायला येतात पोरं. कधी हा येतो, कधी तो एक्सप्रेस. मी देते." तिनं सुईखालचं कापड सरळ केलं. "तुझ्या रागापेक्षा हातभर दोरा स्वस्त पडतो रे. हेही म्हणायचे, देत जा, आवारात शांतता राहते."

हेही म्हणजे दाजी. मामांना ते समजायला थोडा वेळ लागला. पांढरा दोरा म्हणजे शेवटचा शब्द म्हणणारे दाजी.

मामा म्हणाले, मी जातो इथून. फार मोठ्यानं नाही म्हणाले. ताईनं वर बघितलं आणि विचारलं, "कुठं जाशील?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच काळजी वाटली होती, भाऊ जाणार कुठं, जेवणार काय. म्हणून ते जास्त लागलं. मामांनी चौकातलं दुकान आठवून बघितलं, तिथं आता दुभाजक होता. ते व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत गेले. जेवायला हाक आली तेव्हा खाली आले.

त्यानंतर सगळं कोणी न भांडता झालं. पत्र्याच्या खोलीत टायर आले. वायरींची भेंडोळी हमरस्त्यावरच्या वायरमननं नेली, सगळे रंग एकाच पोत्यात कोंबून. बाबूनं मामांना गेटवर बसायला सांगितलं, तिथं घरचं माणूस असलेलं बरं म्हणाला, आणि टेकून बसायची खुर्ची दिली, उशीसकट. ड्रायव्हर पूर्वीपेक्षा मोकळेपणानं बोलू लागले. कोणी विडी पुढं करे, कोणी घरची कटकट सांगे. जुन्या ट्रकांतून आता पंखे उघड उघड फिरू लागले. मामा हसत नसत, पण चिडतही नसत. मामा सुधारले, असं आवारात म्हणू लागले. बाबूच्या बायकोनं तर ताईला म्हणून दाखवलं की हे आधीच करायला हवं होतं.

औषधांच्या कामामुळे थोरली रोज संध्याकाळी निघायची. अशाच एका संध्याकाळी, उजेड नुकता सरत असताना, एक्सप्रेसनं तिला गेटाशी आणून हॉर्न दिला. मामांनी उठून गेट उघडलं. थोरली त्यांच्या जवळून पुढं गेली. केबिनमध्ये डॅशबोर्डचा उजेड एक्सप्रेसच्या हनुवटीवर पडला होता, गाणं लागलं होतं. तो हात हलवून गेला. मग तिची मागची बाजू मामांसमोर आली. मागं अंधार होता. डावा दिवा नाही, उजवा नाही. ही डॅशबोर्ड आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवरची जुनी गाडी. तो फ्यूज गेला की डॅशबोर्डचे दिवेही जातात, आणि ड्रायव्हरला कळतं की मागंही अंधार आहे. इथं समोर उजेड होता आणि मागं नव्हता. म्हणजे डॅशबोर्डला कोणीतरी दुसरीकडून थेट वायर दिली होती, बहुधा स्कूटरवरून येऊन.

वळणावर थोरली हळू झाली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मामांचा हात वर गेला होता, तोंडही उघडलं होतं. मग एक्सप्रेसनं गिअर बदलला, ट्रकनं वेग घेतला आणि हमरस्त्यावरच्या गाड्यांत मिसळला. मामांनी हात खाली घेतला आणि गेट लावलं.

रात्री जेवताना ताईनं विचारलं, "गेल्या का सगळ्या गाड्या?"

"गेल्या."

"थोरली नीट गेली ना? तिचे दिवेबिवे?"

मामांनी भातात आमटी कालवली.

"दिव्यांचं बाहेरचा बघतो," ते म्हणाले.